लायनफिश खाऊन नाही राहिला, सुट्टीत घरात लहान पोट्टे येणार, काय करू?

पवनीवाला

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ रत्नागिरीले नोकरीवर होता, आता त्याची बदली गुवाहाटीले झाली अन् तिकडचं क्वार्टर लहान, म्हणून त्यानं त्याचा समुद्री माशाचा टँक पिकअपमध्ये टाकून गावाकडे आणून देल्ला. आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगा जवळच. टँक ४ फुटाचा, त्यात एकच मासा आहे, लायनफिश, लाल-पांढऱ्या पट्ट्याचा, दुकानदारानं व्होलिटन्स म्हणून देल्ला होता, आता वीतभर झाला. संध्याकाळी पंख पसरवून असा मोरासारखा फिरते का शेजारचे लोकं खास पाहायले येते.

आता अडचण. भाऊ त्याले जिवंत मासेच टाकत होता. इकडे दुकान नाही तं मी उपकेंद्राच्या टाकीतले गप्पी धरून आणतो, ते आरोग्यवाले डासासाठी पाळते ते. पहिले मस्त खाल्ले, आता या हप्त्यात तोंडच नाही लावून राहिला, गप्पी नाकासमोरून जाते अन् हा आपला कोपऱ्यात उलटा टांगल्यासारखा उभा. डोळ्यावर अन् पाठीवर बारीक पांढरा पापुद्रा दिसते. बोटुकली टाकू का? गोल्डफिश भंडाऱ्याले भेटते ते आणू का?

दुसरं म्हणजे याचे काटे विषारी आहेत हे माहीत आहे पण किती विषारी, लागले तं करायचं काय, कारण सुट्ट्या लागल्या का बहिणीचे पोट्टे येते अन् ते हात घातल्याशिवाय राहणार नाही. अन् तिसरं, आपला उन्हाळा. बाबा म्हणते कायले जिवाचे हाल करतं, नदीत सोडून दे. मले त्याले जगवायचं आहे, भावाचा लय जीव आहे त्याच्यावर अन् आता माझाही लागला. कोणाले अनुभव असन तं सांगजा.

वरुडचा खारा टँक

भाऊ पहिले नदीचं, कारण ते तातडीचं आहे. वैनगंगेत सोडला तं तडफडून मरन, खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात नाही जगत. अन् उद्या कोणी म्हटलं का मंग कोकणात नेऊन समुद्रात सोडू, तं तेही नाही. व्होलिटन्स हा मूळचा प्रशांत महासागराकडचा. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिला लायनफिश दिसला, तो टँकमधून सुटलेला किंवा सोडलेला असंच मानते, अन् आज पूर्ण कॅरिबियन त्यानं भरून गेलं, तिथले लहान लहान मासे हा गिळून टाकते. पाळला तं शेवटपर्यंत पाळायचा, नसन जमत तं दुसऱ्या पाळणाऱ्याले द्यायचा.

आता खाण्याचं. मासा खात नसला का आपण खाणं बदलत बसतो, पण आधी पाणी पाहा. टँक रत्नागिरीहून पिकअपमध्ये आला म्हणता, म्हणजे फिल्टरमधले बॅक्टेरिया वाटेत अर्धेअधिक मेले असन, कारण त्यायले ऑक्सिजन लागते अन् फिल्टर तासन् तास बंद होता. ते बॅक्टेरियाच माशाच्या घाणीतला अमोनिया खाऊन टाकते. ते नसले का अमोनिया वाढते, अन् समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असते म्हणून तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा इथे जास्त जहरी पडते. टेस्ट किट नसन तं आजच मागवा. अमोनिया शून्य पाह्यजे, नायट्राइट (अमोनियापासूनच बनते ते) शून्य पाह्यजे. ‘थोडासा’ चालते असं नाही.

त्यातून न खाल्लेले गप्पी मरून दगडामागं सडून राहिले असन तं तेही काढा. गप्पी एकदम खाऱ्या पाण्यात टाकला का तो काही फार वेळ टिकत नाही, अन् लायनफिशनं नाही खाल्ला का तो कुठंतरी जाऊन पडते.

पापुद्र्याचं म्हणाल तं घाबरू नका. लायनफिश अधूनमधून अंगावरची पातळ कात टाकते, तेव्हा धूसर दिसते, डोळेपण, अन् एकदोन दिवस खाणं सोडते. अंग झटकते, पंपाच्या धारेसमोर जाऊन उभा राहते. पापुद्रा निघून गेला का रंग एकदम उजळ. पण दोन दिवसांत नाही गेला, श्वास जोरात चालू आहे, पंख फाटून राहिले, अंगावर मिठाच्या कणासारखे ठिपके आले, तं मंग तो रोग समजा अन् इथे फोटो टाका.

आता गप्पी बंद. गोल्डफिश तं बिलकुल नाही. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असते, ते माशाच्या अंगातलं व्हिटॅमिन बी-१ मोडून टाकते. रोज रोज तेच खाऊ घातलं का मासा वरून गुबगुबीत दिसते अन् आतून खंगते, पोहताना तोल जाते, एक दिवस मरून पडते अन् मालक म्हणते काल तं चांगला होता. गप्पीची गोष्ट थोडी वेगळी, पण गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी समुद्री माशाले पाह्यजे तशी नसते, समुद्री खाण्यातलं जे ओमेगा-३ आहे ते त्यात कमी पडते. कधीमधी ठीक, नेहमीचं जेवण म्हणून नाही. कोणी कोंबडीचे तुकडे टाका म्हणन, तेही नाही, कोंबडीची अन् बकऱ्याची चरबी माशाच्या अंगात जिरत नाही, लिव्हरवर जाऊन बसते.

मंग द्यायचं काय? मेलेलं समुद्री खाणं. फ्रोझन कोळंबी सालीसकट, माकूळ म्हणजे स्क्विड, समुद्री माशाचे तुकडे, भेटलं तं क्रिल म्हणजे समुद्रातला झिंग्यासारखा बारीक जीव. एकच एक चीज नाही, बदलून बदलून. मीठ लावलेलं सुकट, सोडे हे नाही. शिजवलेलं नाही, मसाल्याचं तं नाहीच नाही.

तुम्ही म्हणान जिवंत खात नाही तो मेलेलं काय खाईन. खाते, शिकवा लागते. लायनफिश हलणाऱ्या चिजेवर जाते. एक लांब काडी घ्या, ॲक्रिलिकची भेटली तं चांगलं, नाही तं बांबूची घासून गुळगुळीत केलेली, हात पाण्याच्या वर राहीन अशी दीड-दोन फुटाची. टोक बोथट पाह्यजे, नाही तं झडप घालताना त्याचा जबडा फाटते. टोकाले कोळंबीचा तुकडा हलकासा अडकवा, ओढला का सुटला पाह्यजे. लाइट कमी करा, पंप बंद करा, अन् तुकडा माशाच्या समोर, तोंडाच्या थोडा खाली, झिंगा चालते तसा अडखळत अडखळत हलवा. घाई नका करू. तो आधी नुसता पाहीन, मंग डोळे दोन्ही समोर लावीन, पंख पसरवून जवळ येईन, कधी कधी तोंडातून पाण्याची धार मारते शिकारीवर, म्हणजे शिकार त्याच्याकडे तोंड करते. ती धार मारली का समजा आता घेणार. पुढचं डोळ्याले दिसत नाही, तुकडा गायब. पाच-सात मिनिटात नाही घेतला तं काढून टाका, सडू देऊ नका, उद्या पाहू.

तुकडा किती मोठा? त्याच्या दोन डोळ्यांच्या मधात जेवढं अंतर तेवढा, त्याहून मोठा नाही. अन् किती वेळा? वीतभर माशाले हप्त्यातून दोन-तीनदा, बस. पोट हलकं गोल झालं का थांबा. हा मासा भिकारी आहे, प्रत्येक वेळी काचेजवळ येऊन तोंड वर करीन, त्याचं पोट कितीतरी पट ताणते म्हणून दिलं तेवढं गिळते. आपण लाडानं खाऊ घालतो अन् तो फॅटी लिव्हरनं मरते, टँकमध्ये उपाशी मरणाऱ्यापेक्षा हे जास्त होते असं माझं मत आहे. मोठा धडधाकट लायनफिश हप्ता-दोन हप्ते उपाशी राहिला तं त्याले काही होत नाही. पोट आत गेलं, पाठ धारदार अन् डोकं मोठं दिसायले लागलं, तेव्हा काळजी.

अन् ४ फुटाचा टँक आज पुरते, पण व्होलिटन्स फुटाच्या वर जाते. साडेचारशे लिटरच्या खाली मोठा झाल्यावर ठेवू नका, भावाले आतापासून सांगून ठेवा.

नवेगावबांधकर

वरच्या भाऊनं बरोबर सांगितलं. मी मत्स्यबीजाच्या कामात आहे म्हणून बोटुकलीबद्दल बोलतो. सायप्रिनसची म्हणजे कॉमन कार्पची बोटुकली नका टाकू, कार्पमध्ये पण तेच थायमिनेज असते, गोल्डफिश हा कार्पाचाच भाऊबंद. अन् मत्स्यबीज केंद्रातून आणलेल्या बोटुकलीसोबत रोगराई पण येते.

अजिबातच मेलेलं घेत नसन तं मधला रस्ता म्हणजे झिंगे. आपल्याइकडे बारीक झिंगे तलावात, बोडीत भरपूर, बाजारात बाया जिवंत घेऊन बसते. खाऱ्या पाण्यात थोडाच वेळ जगते, पण तेवढ्या वेळात उडते, हलते, अन् लायनफिश वेडा होऊन येते. एकेक सोडा. दोन-चार झिंगे असे खाल्ले का पुढचा झिंगा मेलेला, काडीवर. मंग काडीवर झिंग्याऐवजी कोळंबी. असं हळूहळू वळवा लागते. झिंगा द्यायच्या आधी एक दिवस त्याले चांगलं खाऊ घाला, माशाचं फ्लेक फूड, स्पिरुलिना, कारण झिंग्याच्या पोटात जे आहे तेच तुमच्या माशाच्या पोटात जाणार.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, झिंगे कुठले आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका. धानाच्या बांधीतले, पऱ्हाटीच्या वावरालगतच्या नालीतले बिलकुल नाही. फवारणीचं औषध पाण्यात उतरते. औषधानं झिंगा आधी मरते हे खरं, पण अर्धमेला झिंगा धरायले सोपा असते म्हणून तोच पहिले टोपल्यात येते. मोठ्या तलावाच्या मधातले, जोरात उड्या मारणारे घ्या.

अन् ते उपकेंद्राचे गप्पी तिथेच राहू द्या भाऊ, पावसाळ्यात त्यायचं काम आहे.

राजुऱ्याहून

माझ्याजवळ एकाचा लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातला बॅक्टेरिया असलेला दगड आहे विकायले, प्रवाळाचा, त्यानं बॅक्टेरिया लगेच येते. पाह्यजे तं सांगा.

वरुडचा खारा टँक

प्रवाळाचे तुकडे घेऊ नका अन् विकू पण नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, वाघ ज्यात आहे त्यातच. सिरॅमिक रिंगा, कोरडा दगड अन् बाटलीतले नायट्रिफाइंग बॅक्टेरिया, एवढ्यानं काम होते, फक्त धीर पाह्यजे.

डॉ. ताई

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते. मासे पाळत नाही, पण विषबाधेचा भाग वाचला म्हणून लिहिते, कारण पवनीच्या आसपास कुणाला हा मासा लागला तर बघणाऱ्या डॉक्टरला तो पहिल्यांदाच दिसण्याची शक्यता जास्त.

लायनफिशला पाठीवर १३ विषारी काटे असतात, पोटाखालच्या दोन पंखांना एकेक, आणि मागच्या खालच्या पंखाला ३. म्हणजे १८. बाजूला पंख्यासारखे पसरतात ते मोठे सुंदर पंख विषारी नसतात, पण त्यांच्यामुळेच लक्ष तिकडे जातं आणि पाठीचा काटा टोचतो. मासा सहसा अंगावर येत नाही, आपला हात त्याच्यावर जातो किंवा कोपऱ्यात अडकल्यावर तो पाठ पुढे करतो. धडधाकट मोठ्या माणसाला सहसा जिवाचा धोका नसतो, पण वेदना भयंकर असते, सूज वरपर्यंत चढते, फोड येऊ शकतात, मळमळ, घाम, चक्कर होऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत, किंवा ज्यांना ॲलर्जी, हृदयाचा त्रास आहे त्यांच्या बाबतीत वाट बघायची नाही.

लागलं तर काय करायचं ते टँकजवळ कागदावर लिहून चिकटवा. जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, वर दिसणारा काट्याचा तुकडा चिमट्यानं काढा. लगेच तो भाग गरम पाण्यात बुडवा, ४३ ते ४५ अंश, त्याच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं, पाणी थंड होत गेलं की बदलत राहा. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेनं त्याची ताकद कमी होते, म्हणून आराम पडतो. पाणी किती गरम आहे ते थर्मामीटरनं बघा किंवा दुसऱ्या, न लागलेल्या हातानं, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही आणि मग विषापेक्षा भाजल्याचीच जखम मोठी होते. दोरी आवळून बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. झाडपाला, मांत्रिक यात वेळ घालवू नका. मग दवाखान्यात या, धनुर्वाताचं इंजेक्शन, वेदनेचं औषध, आत काटा राहिला आहे का हे बघणं, हे सगळं तिथे होतं. श्वासाला त्रास, छातीत दुखणं, चेहरा सुजणं, बेशुद्धी असं काही असेल तर १०८ लावा, गरम पाणी वाटेतही चालू ठेवता येतं.

आणि येताना स्पष्ट सांगा की समुद्री मासा लागला आहे. आपल्याकडे ‘विषारी काहीतरी चावलं’ म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात साप येतो. आपली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर असते, ती या माशावर काम करत नाही, उलट तिची रिॲक्शन येऊ शकते.

मेलेल्या माशाचे काटेसुद्धा विषारी राहतात. उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा.

पोरांचं म्हणाल तर नुसतं ‘हात लावू नको’ यावर विसंबू नका. झाकणाला कुलूप, आणि टँक अशा खोलीत जिचं दार बंद होतं.

पवनीवाला

सगळ्यायचे खूप आभार, एवढं कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. कागद लिहून चिकटवला, झाकणाले कडी लावली. टेस्ट किट नागपूरहून मागवलं, अमोनिया निघालाच, हिरवा रंग आला. दगडामागं दोन मेलेले गप्पी सापडले. आरओच्या जारमध्ये मीठ मिसळून चौथा हिस्सा पाणी बदललं, भावानं एक पोतं मीठ ठेवून देल्लं होतं. दोन-तीनदा असं केल्यावर अन् बॅक्टेरियाची बाटली टाकल्यावर आता रंग पिवळा येऊन राहिला. कात गेली, लाल रंग काय चमकते! काल झिंगा काडीवर धरला, पाहिलं, धार मारली अन् घेतला. घरातले सगळे टाळ्या वाजवून राहिले होते.

आता सफाई करताना हात घालायचा का नाही, जाड रबरी हातमोजे चालते का? अन् उन्हाळ्याचं कोणीच नाही सांगितलं.

वर्धा ग्रामीण

उन्हाळ्याचं मी सांगतो, मी समुद्री टँक वर्ध्याच्या उन्हात ठेवतो.

पाणी २४ ते २७ अंश पाह्यजे. आपल्याइकडे बाहेर ४५-४६ जाते, नवतपात खोलीतच ३८-४० असते. पाणी तापलं का त्यात ऑक्सिजन कमी मावते अन् मासा मात्र जास्त श्वास घेते, अन् नेमकी त्याच वेळी लाइन जाते. पैसे असन तं चिलर म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, दुसरा विचारच नका करू. नसन तं टँक घरातल्या मधल्या मातीच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीले बिलकुल नाही. झाकणाच्या जागी बारीक जाळी घट्ट बसवा, कडी ठेवाच, अन् पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावा. आपली हवा कोरडी म्हणून पाणी झपाट्यानं उडते अन् दोन-तीन अंश सहज उतरते. पावसाळ्यात हाच पंखा काही कामाचा नाही, पण तेव्हा गरजही कमी. दुपारी जास्तच झालं तं पाण्याची बंद बाटली फ्रीजरमध्ये गोठवून फिल्टरच्या कप्प्यात सोडा, एका वेळी एक, धाडकन पाणी थंड नका करू. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात पाह्यजेच.

पंखा लावला का रोज पाणी खाली जाईन. पाणी उडते, मीठ नाही उडत. म्हणून भर घालताना नुसतं आरओचं पाणी, खारं नाही. काचेवर चिकटपट्टीची खूण करा अन् सकाळ-संध्याकाळ तेवढ्यापर्यंत भरा. घनता १.०२० ते १.०२५ मध्ये पाह्यजे, रिफ्रॅक्टोमीटरनं म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रानं पाहा. पाणी बदलतानाचं मीठ लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम धरा, १०० लिटरले साडेतीन किलो, रात्रभर पंप लावून विरघळू द्या. मीठ मरीन सॉल्टच, समुद्री टँकसाठी येते ते, खाण्याचं नाही, सैंधव नाही.

पाणी आरओ प्लँटमधून थेट भरा, घरच्या टाक्यातलं नको. आरोग्यवाले टाक्यात डासाच्या अळीचं औषध टाकते, लोकं कूलरमध्ये रॉकेल टाकते, हे सगळं माशाले जहर आहे. त्या खोलीत कॉइल, मच्छर मारायचं लिक्विड, फवारा हेही बंद. गावात धूरफवारणीवाले आले तं खिडक्या लावा अन् तेवढ्या वेळ बाहेरची हवा ओढणारा एअर पंप बंद ठेवा.

हातमोज्याचं: साध्या रबरी हातमोज्यातून काटा आरपार जाते, त्याच्या भरवशावर हात घालू नका. काच साफ करायले चुंबकाचा ब्रश घ्या, घाण ओढायले लांब नळी. हात घालाच लागला तं आधी लाइट लावून मासा कुठं आहे ते डोळ्यानं पाहा अन् मधात प्लास्टिकची जाळीदार फळी उभी करून त्याले एका बाजूले ठेवा. घरात दुसरा माणूस असतानाच हे काम. मासा हलवायचा असन तं जाळं वापरू नका, काटे जाळ्यात अडकते, ते सोडवताना हमखास लागते अन् माशाचेही पंख फाटते. मोठा पारदर्शक डब्बा पाण्यात बुडवून त्याले हळूच आत हाका, पाण्यासकट उचला.

पवनीवाला

बरं झालं सांगितलं, आमच्याइथे कूलरमध्ये रॉकेल टाकतेच. एक शेवटचं, फ्रोझन कोळंबी नागपूरहून आणली तं इथपर्यंत येईस्तोवर वितळते अन् गावात लाइनचा भरवसा नाही, घरच्या फ्रीजरमध्ये किती दिवस चालन?

वरुडचा खारा टँक

एकदा वितळलेली परत गोठवायची नाही. लाइन जाऊन फ्रीजरमधली कोळंबी मऊ पडली तं माशाले देऊ नका, वास येत नसला तरी नाही. म्हणून थोडीच आणा, महिन्याभराची. एका जेवणाच्या लहान लहान पुड्या आधीच करून ठेवा अन् फ्रीजरमध्ये एक पाण्याची गोठलेली बाटली आडवी ठेवा, बर्फाचा आकार बदललेला दिसला का समजायचं आपण नसताना लाइन बराच वेळ गेली होती. देतेवेळी पुडी फ्रीजमध्येच वितळवा, ते लाल पाणी फेकून द्या, टँकमध्ये ओतू नका. हप्त्यातून एकदा तुकड्यावर माशासाठी येणाऱ्या व्हिटॅमिनचे थेंब टाकून दहा मिनिटं मुरू द्या.

नागपूरहून येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फ, झाकणाले चिकटपट्टी, अन् सकाळची पहिली गाडी धरा. दुपारच्या बसमध्ये मे महिन्यात बर्फ उमरेडपर्यंत पण नाही टिकत.